वस्तीचा राजवाडा

पुणे,
६ जानेवारी २०२५

प्रिय मालनकाकी,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. दिवाळीत मी तुला फोन केला होता तेव्हा काय झालं ते आठव. तुला ऐकू जाईना म्हणून मी ओरडले, तू माझ्याहून मोठ्यानं ओरडलीस, शेवटी बाबा परसातून "कोण हाय गो?" करत आले आणि तू "राँग नंबर" म्हणून फोन ठेवलास. राँग नंबरशी पाव तास सुखदुःखं बोलणारी बाई अख्ख्या धामणेकोंडात तू एकटीच असशील. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या मथुराला मी सांगून ठेवलंय, ती तुझ्याच हातात देईल.

काम सांगते. मी नोकरी करते त्या प्रकाशनात शाळेच्या मुलांसाठी शब्दकोश चाललाय. माझ्या वाट्याला 'र' आला आहे. सध्या आम्ही सगळेच 'राजवाडा' या शब्दाशी येऊन अडलोय. अर्थ सोपा होता : राजाचे भव्य निवासस्थान, प्रासाद, महाल. पण आमच्या संपादक भार्गवी मॅडमना प्रत्येक शब्दाला एक जिवंत वाक्य लागतं. कुणीतरी लिहिलं होतं, 'राजवाड्यासमोर हत्ती झुलत होते.' त्यावर मॅडमनी काट मारली. म्हणाल्या, हत्ती झुलायचे दिवस गेले, आज हा शब्द कोण वापरतं ते सांगा.

मी रत्नागिरीची, म्हणून मी थिबा राजवाड्याचं नाव पुढे केलं. तर तिथंच वाद. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पकडून आणून ठेवलं होतं तिथं, मग तो राजवाडा कसा, तो तुरुंग झाला, असं एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, नक्षीची खिडकी आणि सागवानी जिना असला की राजवाडाच, आत कोण का असेना. तासभर चाललं. शेवटी मी म्हणाले, आमच्या गावात दर शिमग्याला नवे राजवाडे होतात आणि त्यांना ना नक्षी असते ना जिना. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मला नीट सांगता येईना. लहानपणी पाहिलेलं, तेवढंच.

तर तू सविस्तर लिही. बालवाडीतल्या पोरांना सांगायचीस तसं. बाबांनी मला घर बंद केल्याला आता सात वर्षं होतील, तेव्हा मी येऊन बघून जाईन असं काही होणार नाही. आईला वर्षातून एकदा रत्नागिरीच्या बाजारात भेटते, पण तिथं ती माझं तोंडच बघत बसते, तिला काही विचारता येत नाही.

आणि यंदा पालखीची वस्ती कुणाकडे आहे? सहज विचारते.

तुझी,
मनस्वी


धामणेकोंड,
१९ जानेवारी २०२५

चि. मनस्वीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मथुरानं हातात दिलं आणि वर "माजा नाव सांगू नका हां" असं तीन बायकांसमोर सांगितलं. हिच्यापेक्षा टपालपेटी बरी, ती निदान गप्प असते.

शहरातली माणसं पगार घेऊन तासभर राजवाड्यावर भांडतात हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे फुकट भांडतात.

आता ऐक. केदारलिंगाची पालखी होळी झाली की घरोघर फिरते हे तू जाणतेस. दिवस मावळला की ती एका घरी वस्तीला राहते, अशा वर्षाला दोन-तीन वस्त्या. ज्या घराची पाळी, त्याच्या ओटीवर पालखी टेकते आणि गावाचा मानकरी, गावकर, देवाला गाऱ्हाणं घालतो. गेली तीस वर्षं ते तुझे बाबाच घालतात. इतर गाऱ्हाणं कुठल्याही गावचं असतं तसंच, पण आपल्याकडे शेवटी एक ओळ आहे. समज, वस्ती काशीबाईकडे आहे, तर गावकर म्हणतो, "आजपासून ह्यो घर काशीचा नाय, तुजा राजवाडा हाय, रे म्हाराजा!" आणि सगळा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!"

तिथून पुढे त्या घराला कुणी काशीचं घर म्हणत नाही. पोरं खेळताना सुद्धा "राजवाड्यात पाणी प्यायला जातो" असं म्हणतात. घरधन्यानं माझं-माझं करायचं नाही. माझी ओटी, माझी चूल, काही नाही. त्यानं आत येताना "येऊ काय म्हाराजा?" असं विचारून यायचं. आणि दार लावायचं नाही. येईल त्याला तू कोण, कुणाचा, कशाला आलास, असं विचारायचं नाही, पानावर बसवायचं. सकाळी पालखी उठते तेव्हा गावकर दुसरी ओळ म्हणतो, "राजवाडा उठला, काशीचा घर काशीला दिला, रे म्हाराजा." की झालं. मग ती काशीबाई पुन्हा आपल्या दारात उभी राहून शेजारणीच्या कोंबड्यांना शिव्या घालायला मोकळी.

तुझ्या मॅडमना सांग, आमच्या राजवाड्याची कौलं गळतात, तरी तो राजवाडा असतो. राजा आला की झालं. त्या थिबा राजाचं मला विचारशील तर आपल्या दारात कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे त्याच्या हातात नव्हतं. मग खिडक्यांची नक्षी घेऊन काय करायचं?

वस्तीचं विचारलंस. पहिल्या रात्रीची पाळी काशीबाईची होती, पण यंदा तुझ्या बाबांनी ती मागून घेतली, तिच्याकडे पालखी दुसऱ्या रात्री जाईल. आपलं घर अजून तीन वर्षं लांब होतं. एवढी घाई कशाला ते देव जाणे. कौलं शाकारून झाली, आता खळं चोपणार, ओटीला रंग देणार. तुझी आई काही बोलत नाही, नेहमीसारखी. मला विचारशील तर गावकीत कुजबूज आहे की रामाभाऊंचं वय झालं, गाऱ्हाण्याचा मान आता पुढच्याकडे द्यावा. म्हणून मान जायच्या आधी एकदा देव आपल्या ओटीवर बसवून घ्यायची हौस असणार. म्हातारपणी हौस आली की माणूस कुणाचं ऐकत नाही. तुझ्या काकांना मी सांगितलं, गप्प शाकारा आणि खाली उतरा.

जावईबापू अपूर्वरावांना आशीर्वाद. त्यांच्या पावसच्या आंब्याच्या कलमांना मोहोर कसा आहे? आमच्याकडे थंडीच पडली नाही.

तुझी,
मालनकाकी


पुणे,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय काकी,

तुझं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. काशीबाईच्या कोंबड्यांवर त्या खूप हसल्या, आणि मग म्हणाल्या, याची एक ओळ करा. शब्दकोशात जागा कमी असते. मी पाच ओळी केल्या, त्या भांडून दोनवर आणल्यात. पण काही गोष्टी पक्क्या करून हव्या आहेत.

पहिलं म्हणजे 'येईल त्याला' असं तू लिहिलंस. कुणीही म्हणजे अगदी कुणीही का? गावाबाहेरचं, माहेरवाशीण, परजातीत गेलेलं?

आणि समज, घरधन्यानं एखाद्याला आधीच बंदी केलेली आहे. चारचौघांत शपथ घेऊन केली आहे. तर त्या रात्री त्या माणसाचं काय? शपथ चालते की राजवाडा?

नोंद चुकायला नको म्हणून विचारते. कोशातली चूक पुढे पन्नास वर्षं टिकते.

पावसला मोहोर चांगला आहे, तुडतुड्यानं धरला नाही तर. सासूबाईंनी तुझ्यासाठी आमसुलं काढून ठेवली आहेत.

तुझी,
मनस्वी


धामणेकोंड,
११ फेब्रुवारी २०२५

चि. मनस्वी,

मी बालवाडी शिकवली म्हणून मला बालवाडीची अक्कल आहे असं समजू नकोस. शाळेच्या पोरांच्या शब्दकोशाला घरधन्याच्या शपथेशी काय करायचंय? तुझ्या पत्राचा दुसरा परिच्छेद वाचला आणि मी विहिरीवर जाऊन बसले. घरात वाचवेना.

तू येणार म्हणतेस. तसं लिहिलेलं नाहीस, पण म्हणतेसच.

आता मी सांगते ते नीट ऐक. सात वर्षांपूर्वी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझी सुपारी फुटली होती, पाव्हण्यांकडे पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि तू पुण्याला रजिस्टर लग्न करून मोकळी झालीस. अपूर्वराव दुसऱ्या जातीचे, हे त्यांना नंतर गिळता आलं असतं. तुझ्या आत्याच्या जावेनं तसंच केलं होतं आणि तुझे बाबा तिच्याकडे जेवून आले आहेत. पण दिलेला शब्द गेला. ज्या माणसाचं तोंड गाव देवासमोर उभं करतं, त्याचाच शब्द खोटा पडला. पाव्हणे येऊन त्यांना सहाणेवर नको ते बोलून गेले, मान खाली घालून ऐकून घेतलं त्यांनी. आणि मग तिथंच, पालखी टेकते त्या चौथऱ्यावर हात ठेवून म्हणाले, "रामाच्या घराचा उंबरा ती वलांडनार नाय." सगळ्या गावानं ऐकलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि तुझी आई आजतागायत तुझं नाव घेताना आवाज खाली करते.

रीत काय म्हणते ते मी श्रीपती गुरवाला विचारलं. तुझं नाव न घेता. म्हटलं, उगाच, पोरं विचारतात. तो म्हणाला, "देव बसला की उंबरा देवाचा. रामाची शपथ रामाच्या उंबऱ्याची हाय." म्हणजे रीतीप्रमाणे तुला कुणी अडवू शकत नाही, तुझे बाबाही नाही.

पण मनू, अडवू शकत नाहीत म्हणजे घेतील असं नाही. तू आत आलीस आणि ते उठून बाहेर गेले तर? घरात देव बसलेला आणि गावकर घराबाहेर, असं आजवर झालेलं नाही. मान जाईल त्यांचा, कायमचा. आणि तुझ्यामुळे गेला असं म्हणायला गाव टपलेलं आहे. मग पुढच्या सात वर्षांची सोय झाली. तुझ्या आईचं रत्नागिरीला बाजाराला येणंही बंद होईल.

मला तू यावीस असं वाटतं. म्हणूनच सांगते, येऊ नकोस.

आपल्याकडची वस्ती मंगळवारी, १८ मार्चला आहे. हे का लिहिलं मला माहीत नाही.

काकी


पुणे,
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय काकी,

तू ओळखशील हे माहीत होतं. ओळखलं नसतंस तर मी तुला पुन्हा बालवाडीत बसवलं असतं.

कोश खरा आहे, शब्द खरा आहे, वादही खरा झाला. पण त्या वादात मी आपल्या गावचं नाव घेतलं आणि बोलता बोलता मला सुचलं, की शिमग्यात आपल्या गावात रात्रीपुरतं असं एक घर असतं जिथं मला जाता येतं. फक्त ते घर कुणाचं असेल ते माझ्या हातात नव्हतं. मी कुणाच्याही घरी जायच्या तयारीत होते. म्हटलं, समोरून तरी बघीन दोघांना. आणि तू लिहिलंस की वस्ती आमच्याच ओटीवर. मला रडूच आलं, ऑफिसात.

ते उठले तर मी त्यांच्याआधी बाहेर जाईन. पालखी उठायच्या आत तर निघणारच आहे, त्यांच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही. अपूर्व खाली फाट्यावर गाडी घेऊन थांबेल. आईला सांगू नकोस, तिच्या तोंडावर सगळं दिसतं.

मी येतेय.

मनू


पुणे,
२४ मार्च २०२५

प्रिय काकी,

घरी पोचले. कळवायचं राहिलं, कारण लिहावंसं वाटत नव्हतं.

तू सगळं पाहिलंसच, तरी मला माझ्या बाजूनं लिहू दे. मी खळ्यात पोचले तेव्हा ढोल वाजत होते आणि पालखी नुकती टेकली होती. मी बायकांच्या मागे उभी राहिले. बाबांनी मला पाहिलं. मला पक्कं माहीत आहे, कारण गाऱ्हाणं घालताना ते नेहमी डोळे मिटतात आणि या वेळी मिटले नव्हते. "ह्यो घर रामाचा नाय, तुजा राजवाडा हाय" म्हणाले, नेहमीच्या आवाजात, ना कमी ना जास्त. मी सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग उंबरा ओलांडला. काशीबाई बाजूला सरकली आणि तिनं मला जागा दिली, तिचे उपकार विसरणार नाही.

आईनं माझा हात धरला तो पंगत उठेपर्यंत सोडला नाही, वाढताना सुद्धा. मी एका हातानं जेवले.

पण बाबा? ते बाहेर गेले नाहीत, खरं. पण एक शब्द नाही, काकी. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो त्यांनी घेतला नाही, आईच्या हातून घेतला. रात्रभर पालखीपाशी भजनात बसले. मी चुलीपाशी बसून त्यांच्या पाठीकडे बघत होते. इतके म्हातारे झालेत ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे मी पालखीला हात जोडले, त्यांच्या शेजारून गेले, माझा पदर त्यांच्या खांद्याला लागला असेल, तरी मान वळली नाही. त्यांनी देवाची रीत पाळली, बस. माझ्या जागी भिकारी आला असता तर त्यालाही असंच बसू दिलं असतं.

मी समजले ते असं, की त्यांना मी नको आहे. आजवर मला वाटायचं, मध्ये फक्त शपथ आहे. एक रात्र ती शपथ बाजूला झाली तरी ते बोलले नाहीत. आता मी पुन्हा विचारणार नाही. तूही बोलू नकोस.

शब्दकोशात एक ओळ गेली : 'कोकणात काही गावी पालखी मुक्कामाला असते ते घर.' बाकीचं मॅडमनी काढलं. मी भांडले नाही.

मनस्वी


धामणेकोंड,
२ एप्रिल २०२५

चि. मनस्वी,

अगो शहाणे, तू पहाटे पळालीस आणि खरा शिमगा नंतर झाला. अर्ध्या जेवणावरून उठून 'भाजी अळणी होती' म्हणणाऱ्यातली तू.

तुला पत्र मी त्याच दिवशी लिहिणार होते, पण माझी मलाच खात्री होईना. आता चार जणांना विचारून लिहिते.

सकाळी पालखी उठवायची वेळ झाली. गडी खांदे लावून उभे. तुझे बाबा पुढे झाले, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. गुरांना, माणसांना, मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, सगळं सगळं. मग ती ओळ यायची. राजवाडा उठला, रामाचा घर रामाला दिला. आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडून उभे. आणि हे गप्प. गुरव खाकरला. हे गप्पच. गुरव पुन्हा खाकरला, तर हे त्याला म्हणाले, "श्रीपती, आल्याचा काढा घे." आणि गड्यांना म्हणाले, "चला."

पालखी उठली आणि चालू लागली. काय करणार? देव खांद्यावर असताना कोण वाद घालतो?

खळ्याच्या बाहेर गेल्यावर कुजबूज सुरू झाली. काशीबाईच्या घरी दुसरी वस्ती, तिथं संध्याकाळी पुन्हा "राजवाडा हाय" म्हणाले, आणि सकाळी तिचं घर तिला रीतसर परत दिलं, एक अक्षर चुकलं नाही. मग गावकी बसली. तरुण पोरांनी विचारलं, रामाआजा, तुमचा घर परत घ्यायचा राहिला. तर म्हणाले, "इसरलो. वय झाला." तीस वर्षांत ज्या माणसाचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, तो विसरला! दुसऱ्याच दिवशी आठवलं, तिसऱ्या दिवशी आठवलं, आपल्याच घराला तेवढा विसरला. श्रीपती गुरवानं निकाल दिला, की ओळ म्हटली नाही तर घर देवाचंच, गावकर म्हणेल तेव्हा मोकळं होईल. पुढच्या शिमग्यापर्यंत म्हटलं तरी चालेल. त्याला कुणी हसायला सांगितलं नव्हतं, तरी तो हसत होता.

तेव्हा आता आम्ही राजवाड्यात राहतो. तुझ्या मॅडमना कळव. तुझे बाबा शेतातून आले की दारात पायरीखाली उभे राहून "येऊ काय म्हाराजा?" विचारतात. तुझी आई पहिल्या दिवशी पदरात तोंड लपवून हसली, सात वर्षांनी हसताना पाहिली मी तिला. माझं म्हणायचं नाही म्हणून काल बैलाला "देवाच्या गाढवा" म्हणाले. दार रात्री उघडं, कुत्री येऊन ओटीवर झोपतात.

आणि आता माझी चूक ऐक. मी तुला लिहिलं होतं ना, मान जायच्या आधीची हौस आहे म्हणून? काशीबाईला परवा विचारलं. ती म्हणाली, "रामाभाऊ कार्तिकात येलं व्हतं पाळी मागाया. मी इचारला कशाला, तर म्हनलं, कुनी येयाचा आसला तर येवंदे." कार्तिक म्हणजे नोव्हेंबर, मनू. तुझं मला पहिलं पत्र आलं जानेवारीत. तू तिकडे बसून जो विचार केलास, तो त्यांनी इकडे बसून आधीच केला होता. दोघं एकाच गिरणीचं पीठ.

तांब्याचं म्हणशील तर तुझ्याकडे पुन्हा बघितलं असतं तर त्यांना सकाळचं गाऱ्हाणं घालता आलं नसतं. मी समोर होते. आईच्या हातून घेतलेलं पाणी सुद्धा अर्धं सांडलं.

मे महिन्यात ये. दारावर कुणी विचारणार नाही. मी आणि तुझे काका मात्र नसू, आमचा दर्शन नालासोपाऱ्याला बोलावतोय, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे. पत्र तिकडे टाक, तो वाचून दाखवेल. मोठ्यानं वाच म्हणावं.

तुझी,
काकी


धामणेकोंड,
२२ मे २०२५

प्रिय मालनकाकी,

वरचं गावाचं नाव दर्शनला दोनदा वाचायला सांग.

मी परवा आले. एकटीच आले, अपूर्व पावसला कलमांवर आहे, आंबा उतरवायची घाई आहे. पायरीखाली उभी राहून "येऊ काय म्हाराजा?" म्हटलं. आत बाबा होते. ते म्हणाले, "मना काय इचारतस, देवाला इचार." सात वर्षांतलं पहिलं वाक्य हे. मी आत गेले.

पहिला दिवस गेला. बोलणं थोडं, तेही आडून. "अगो, तिला इचार फणस कापू काय?" आणि मी समोर बसलेली. मी म्हटलं, "आये, त्यांना सांग कापा." आई मध्ये बसून कुणाचंच कुणाला सांगत नव्हती, नुसती गरे काढत होती. तरी बरं वाटत होतं मला. म्हटलं, एवढं पुष्कळ झालं. पुढच्या शिमग्यापर्यंत राजवाडा आहे, तोवर चार वेळा येऊन जाईन, पुढचं पुढे.

काल संध्याकाळी ते काजूच्या बागेतून आले. पायरीखाली हातपाय धुतले. आई भाकऱ्या करत होती, मी ताटं घेत होते. त्यांनी विचारलं नाही. "येऊ काय" म्हणालेच नाहीत. ओटीवर आले, पालखी टेकली होती त्या जागी उभे राहिले, टोपी काढली आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "राजवाडा उठला. रामाचा घर रामाला दिला, रे म्हाराजा."

'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणी नव्हतं. आईची भाकरी तव्यावर करपली.

माझ्या हातात ताट होतं. मला वाटलं, झालं, मी इथं दोन दिवस राहिले ते त्यांना सोसलं नाही, रीतीनं मला जायला सांगतायत. मी ताट खाली ठेवलं आणि खुंटीवरची पिशवी काढली. खरं सांगते काकी, तेव्हा मला राग आला नाही. मी उंबऱ्याकडे निघाले तर ते दारात आडवे उभे.

"खय चाललीस?"

मी म्हटलं, "घर तुमचं झालं ना. शपथ आहे तुमची."

"हाय," म्हणाले. "ती मोडली. तू आत हायस आनि घर माजा हाय. मोडली की नाय?"

आई चुलीपासून उठून आली. ती कधी त्यांना उलट विचारत नाही, काल विचारलं. म्हणाली, "मग शिमग्यापत्तूर ठेवलं आसतंव ना राजवाडा. मोडायची कशाला? गाव काय म्हनल?"

बाबा माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदा नीट बघत होते. म्हणाले, "देवाच्या घरात कुनीबी येता. तशी ती येली, कुनीबी म्हनून. दोन दीस बगतोय, पाव्हन्यासारखी इचारून पानी पिते. मना नको तसा. माजी पोर माज्या घरात येली पायजे."

मग मी तिथंच बसले, दारात. रडले, खोटं कशाला सांगू. तेही बसले, उंबऱ्याच्या त्या बाजूला. आई आम्हाला दोघांना तशीच सोडून करपलेली भाकरी गुरांना घालायला गेली.

आज सकाळी ते मला घेऊन सहाणेवर गेले. गुरवाला बोलावलं, गावकीतले पाच जण आले. बाबांनी त्याच चौथऱ्यावर हात ठेवून सांगितलं, इथं घेतलेली शपथ मी मोडली, चुकून नाही, जाणून मोडली, काय दंड तो सांगा. पोरांमधला एक जण म्हणाला, आजा, राजवाडा चालू होता तर मोडायची गरज नव्हती. बाबा म्हणाले, "व्हती." एवढंच. मग गावकीनं ठरवलं की शपथ मोडणाऱ्यानं गाऱ्हाणं घालू नये. मान पुढच्या वर्षीपासून काशीबाईच्या पुतण्याकडे जाईल. तीस वर्षांचा मान, काकी. श्रीपती गुरव रडला, पण बाबा नाही. त्यांनी पुतण्याला जवळ बोलावलं, त्याच्या हातात नारळ दिला आणि वाटेत मला म्हणाले, त्याला अजून शेवटच्या चार ओळी येत नाहीत, पावसाळ्यात बसवून शिकवायला हव्यात.

तू लिहिलं होतंस तेच झालं, मान गेला, आणि माझ्यामुळेच गेला. मी तसं म्हटलं तर त्यांनी मला झापलं. सात वर्षांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या, आईला ऐकायला बाहेर बोलावलं मी.

आत्ता दुपार आहे. बाबांनी माझ्या फोनवरून अपूर्वला नंबर लावायला सांगितला. लावून दिला तर फोन कानाला धरून नुसते उभे राहिले. तिकडून अपूर्व "हॅलो, हॅलो" करतोय. शेवटी बाबा म्हणाले, "मी रामा बोलतोय, मनस्वीचा बापूस. आंबा उतरून झाला की जेवायला या." आणि फोन माझ्या हातात देऊन गोठ्यात गेले. अपूर्वचा अजून विश्वास बसलेला नाही. तो विचारतोय, कुठे यायचं, फाट्यावर थांबू का?

त्याला सांगितलं, घरी ये.

तुझी,
मनू